तीन पाण्यांचे गाव

धाराशिवला माझी थोरली बहीण राहते. १९८२ साली तिचे लग्न झाले, तेव्हा गावाचे नाव उस्मानाबाद होते. तिकडे जायचे म्हणजे कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची, 'बार्शी लाईट'च्या अडीच फुटी रुळांवरच्या डब्यात चढायचे, येडशीला उतरायचे आणि तिथून एस.टी. धरायची, असा सारा द्राविडी प्राणायाम होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या आक्काचा जिल्हा निम्म्यावर आला. "मी सासरी आले आणि जिल्ह्याची वाटणी झाली," असे ती अजूनही हसत सांगते.

आता मोठी गाडी थेट धाराशिवला जाते. २०२३ साली गावाला जुने नावही परत मिळाले. दाजी निवृत्त झाले, मीही शाळेत चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून घरी बसलो. बदलले नाही ते एकच. धाराशिवला आंघोळीला बसले की अंगावर साबण चालत नाही!

पहिल्या खेपेस मी एकोणीस वर्षांचा होतो. दिवाळसणाचे पाहुणे म्हणून आम्ही गेलो होतो. अभ्यंगाचे तेल अंगावर, हातात सुगंधी साबणाची नवी वडी, आणि कितीही घासले तरी फेस म्हणून नाही. उलट अंगाला पांढरट, चिकट असे काहीतरी लागले. मी बाहेर येऊन साबणाच्या कारखानदाराचा उद्धार करू लागलो, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "साबणाला बोल लावू नका, पाहुणे. पाणी जड आहे." त्या दिवशी आक्काच्या सासूबाईंनी मला रिठ्याचे पाणी काढून दिले आणि तेल एका फटक्यात निघाले. कॉलेजात मी नुकतेच कॅल्शियमचे क्षार पाठ केले होते. साबणातील चरबीच्या आम्लाशी पाण्यातल्या कॅल्शियमची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते. रिठ्याचा फेस वेगळ्या जातीच्या द्रव्याचा, त्याला कॅल्शियम अडवत नाही, हे त्या न शिकलेल्या माउलीला मात्र अंगवळणी होते.

ही जुनी ओळख घेऊन गेल्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास मी पुन्हा धाराशिवला गेलो. निमित्त गोड होते. भाची बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ दोन महिन्यांचे. दुसरे निमित्त कडू होते. दाजींना मुतखड्याची कळ येऊन गेली होती आणि आक्काने फोनवर पाण्याच्या नावाने बोटे मोडली होती. "तू शास्त्राचा मास्तर ना? मग ये आणि या बोअरच्या पाण्याचा एकदा निकाल लाव," असा तिचा हुकूम होता.

तुळजापूरकडून घाट चढून आलो तर रस्ता माणसांनी फुललेला. आश्विनी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनाला चालत येणाऱ्या भक्तांची ती रीघ. सोलापूरकडून, कर्नाटकातून लोक पायी येतात, गोमुख आणि कल्लोळ तीर्थात न्हातात आणि देवीसमोर उभे राहतात. वाटेवर ठिकठिकाणी पाण्याचे पिंप मांडून गावकरी वाटसरूंना बोलावीत होते. या भागात पाणी पाजणे हे अन्नदानापेक्षा मोठे पुण्य मानतात, आणि ते उगीच नव्हे.

धाराशिव वसले आहे बालाघाटच्या डोंगरावर. हा डोंगर म्हणजे घराच्या पाख्यांचा आढाच म्हणा ना! एका अंगाला पडलेला थेंब तेरणेतून मांजरेला आणि तिथून गोदावरीला जातो, तर दुसऱ्या अंगाचा थेंब बोरी-सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. दोन महानद्यांना पाणी वाटणारा हा जिल्हा स्वतः मात्र कोरडा राहतो. पाऊस वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. शेजारच्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले.

पाणी जड का होते, तेही याच डोंगरात दडलेले आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कर्बवायू उचलते आणि किंचित आंबट होते. खालचा काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे थिजलेले थर. ते सौम्य आम्ल या खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवून घेते. पाणी जितके खोल आणि जितके जास्त काळ खडकात मुरलेले, तितके ते सहसा जड. जुन्या काळी माणसे उथळ आडाचे, तळ्याचे, झऱ्याचे पाणी पीत. १९७२च्या दुष्काळात आड आटले आणि खडकात खोल भोके पाडणारी यंत्रे गावोगाव धडधडू लागली. त्याच सुमारास जालना आणि सोलापूर येथे टिकाऊ हापसे घडले. सोलापूरच्या हापशावरून पुढे 'इंडिया मार्क टू' नावाचा पंप तयार झाला आणि तो जगातल्या कितीतरी देशांत पोचला. या हापशांनी मराठवाड्याला जगवले. जगवताना पाणी थोडे जड पाजले, एवढेच.

आक्काच्या घरात तीन पाणी आहेत. पहिले नळाचे. ते भीमेवरच्या उजनी धरणातून नळाने डोंगर चढून येते. ते रोज सुटत नाही, म्हणून सुटले की घरात लगीनघाई उडते. हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, एवढेच काय, पण कुकरसुद्धा भरून ठेवतात. दुसरे बोअरचे. ते गच्चीवरच्या टाकीत चढते आणि घरातल्या सगळ्या तोट्यांतून येते. तिसरे आडाचे. आड परसात आहे, दाजींच्या पणजोबांनी खणलेला. चौथे, जारचे, विकत मिळते. पण ते आक्का धरतच नाही. "पाणी काय विकत घ्यायची चीज आहे का?" असे तिचे म्हणणे.

बोअरच्या पाण्याची करणी घरभर दिसत होती. तोट्यांच्या तोंडाशी पांढरे पापुद्रे, स्टीलच्या पेल्यांवर न जाणारे डाग, न्हाणीच्या फरशीवर खडूने रेघोट्या ओढल्यासारखे थर. गिझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा जळालेली. नवी कॉइल बसवायला आलेल्या पोराने जुनी काढून दाखवली, ती मुंगळ्यांच्या वारुळासारखी दिसत होती. पाणी तापले की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुना भांड्याला धरतो. तो थर उष्णता अडवतो, कॉइल आतल्या आत तापते आणि जळते. बार्शी लाईटच्या वाफेच्या इंजिनांनाही हेच दुखणे असणार, कारण जड पाण्याने बॉयलरात चुना धरतो आणि कोळसा जास्त खातो, ही जगभरच्या इंजिनवाल्यांची जुनी तक्रार.

धुतलेले धोतर वाळले की पापडासारखे कडक. भाचीची तक्रार केसांची. आक्काची सगळ्यात मोठी तक्रार मात्र तुरीच्या डाळीची. जड पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतो आणि डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते. चिमूटभर सोडा टाकला तर शिजते, पण डाळीतले 'ब' जीवनसत्त्व त्यात नासते. म्हणून आक्का डाळीपुरते पाणी वेगळे उकळून, निवळून, वरचे अलगद ओतून घेते. शाळेत मी फळ्यावर जो 'तात्पुरता कठीणपणा घालवण्याचा प्रयोग' चौतीस वर्षे काढला, तो ही बाई रोज सकाळी चुलीवर करते.

"आणि आडाचं पाणी?" मी विचारले.

आक्काचा चेहरा उजळला. "ते बघ की! अमृत आहे. मचूळ नाही, काही नाही. साबण लगेच फेसतो, डाळ मेणासारखी शिजते. दुष्काळातसुद्धा आमच्या आडानं कुणाला परत पाठवलं नाही. आणि ही केळ बघितलीस?"

आडाच्या कडेला केळीचे बन असे माजले होते, की त्या कोरड्या गावात डोळ्यांना गारवा वाटावा. पाने हिरवीगर्द, काळपट वाटावीत इतकी. मी पोहरा सोडला, पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. खरेच गोड होते. भाची माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, बाळाला वरचं दूध द्यावं लागतंय. डॉक्टरांनी पावडर दिलीय. कुठलं पाणी घेऊ?"

मी जराही विचार केला नाही. "बोअरचं नको. आडाचं घे. उकळून घे म्हणजे झालं."

वाचकहो, हे माझे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी तीन स्वच्छ बाटल्या घेतल्या, ज्या त्या पाण्याने तीनतीनदा विसळल्या, भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. बोअरला गुन्हेगार ठरवायचे आणि आडाला प्रशस्तिपत्र आणायचे, असा माझा बेत होता. निकालाला चार-पाच दिवस लागणार होते. तेवढ्यात दाजी म्हणाले, "चला, तोवर गाव दाखवतो. चाळीस वर्षं येताय, पण आमची लेणी तुम्ही बघितली नाहीत."

धाराशिवची लेणी गावापासून थोड्याच अंतरावर डोंगरकुशीत आहेत. मोठ्या मंडपाचे, अंधारे, गार. आत पार्श्वनाथांची मूर्ती. दाजींनी सांगितलेली गोष्ट मला नवी होती. कनकामर मुनींनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'करकंडचरिउ' नावाचे अपभ्रंश भाषेतले काव्य लिहिले. त्यात करकंड राजाला अशाच एका लेण्यात मूर्तीपाशी दगडाची एक गाठ दिसते. शोभेला बाधा येते म्हणून तो ती फोडायला लावतो, आणि तिथून पाण्याचा असा लोंढा उसळतो की सारे लेणे भरून जाते. ती गाठ म्हणजे जुन्या कारागिरांनी झऱ्याला बसवलेले बूच होते! ही कथा अभ्यासकांनी याच लेण्यांशी जोडली आहे. त्या अंधारात उभा राहून मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, दिसायला खोड वाटते ती कधीकधी राखण असते. पण तेव्हा मला ते राजापुरतेच खरे वाटले.

तिसऱ्या दिवशी तेरला गेलो. गोरोबाकाकांचे हे गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात 'तगर' म्हणून ज्या पेठेचा उल्लेख येतो ती हीच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय तिथे आहे, आणि त्यातल्या मातीच्या भांड्यांपुढे मी पुष्कळ वेळ उभा होतो. बाहेर एका घराच्या पडवीत पाण्याचा जुना रांजण दिसला. त्याच्या पोटावर पांढरा फुलोरा आला होता. मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरते, उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हळूहळू छिद्रे बुजतात आणि रांजण गार करणे सोडतो. घरच्या म्हाताऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "रांजण म्हातारा झाला, दुसरं काय!" जड पाण्याचे दोष असे चव्हाट्यावर असतात. ते तोटीवर दिसतात, रांजणावर दिसतात, साबणात दिसतात. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही.

पाचव्या दिवशी कागद हातात आला. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचे मानक ठरलेले आहे. एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. बोअरचे पाणी सहाशेच्या थोडे पुढे होते. ते अपेक्षितच. नळाचे सगळ्या बाबतींत मर्यादेत. आडाचा कठीणपणा तिन्हींत सर्वांत कमी. मी खुश होऊन खालच्या ओळीवर आलो आणि माझे हातपाय गार पडले.

नायट्रेट. मर्यादा ४५. बोअरमध्ये त्याच्या कितीतरी आत. आडात दुपटीहून जास्त!

वाचकहो, नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. शेतातले खत, गुरांचा गोठा आणि माणसाच्या शौचखड्ड्यांचा पाझर यांतून ते उथळ पाण्यात उतरते. मोठ्या माणसाला ते सहसा लगेच काही करत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीचे दूध पिणाऱ्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते हिरावून घेऊ शकते. बाळ निळसर पडते. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींच्या पाण्याशी हा आजार प्रथम जोडून दाखवला. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी, की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते.

"उकळून घे म्हणजे झालं." चौतीस वर्षे ज्याने रसायनशास्त्र शिकवले, त्याचे हे वाक्य होते.

मी रिक्षा केली आणि घर गाठले. भाची बाळाला मांडीवर घेऊन बाटली हलवीत होती. मी ती तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. बाळाचे ओठ, नखे, पाऊल, सगळे उजेडात धरून पाहिले. गुलाबी होते. तरी संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासले, काही झालेले नाही म्हणून सांगितले आणि नळाचे तपासलेले पाणी वेगळे झाकून ठेवून, उकळून, त्याच पाण्यात दूध करायला बजावले. अंगावरचे दूध वाढावे म्हणून भाचीलाही चार गोष्टी सांगितल्या. येताना मीच डॉक्टरांना दाजींच्या मुतखड्याचे विचारले. ते म्हणाले, "जड पाण्यानं खडा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिण्यानं मात्र होऊ शकतो. हे किती पितात, ते विचारा."

दाजी खाली बघू लागले. बोअरच्या पाण्याचे भय आणि त्याची मचूळ चव, म्हणून हा गृहस्थ दिवसाकाठी चार पेले पाणी पीत होता!

घरी आल्यावर खरा प्रश्न पुढे होता. आक्काला सांगायचे कसे? त्या आडावर ती नवी नवरी म्हणून पाणी भरायला आली. बाळंतिणीने सव्वा महिन्याने आडाची पूजा केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हा त्या घराचा रिवाज. भाचीने ती पूजा नुकतीच केली होती. आणि मी कागद घेऊन उभा, की ज्याला हळदकुंकू वाहिले त्यात विष आहे.

मी तिला परसात नेले आणि केळीकडे बोट दाखवले. "आक्का, ही केळ इतकी का माजली माहीत आहे? हिला खत मिळतंय. पाण्यातूनच." मग आडाच्या चहूअंगांनी उठलेली घरे मोजली. पूर्वी तिथे बखळ होती, आता सात घरे होती आणि प्रत्येकाचा शौचखड्डा. सातांतले एक तिचे स्वतःचे.

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आडानं काही केलं नाही. आपणच त्याला घातलं."

"हो."

"आणि आम्ही त्या बोअरला शिव्या घालत बसलो!"

दाजींचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, आड बुजवून टाकू, वर गाडी उभी करायला जागा होईल. आक्का ताडकन उठली. "म्हातारं माणूस आजारी पडलं म्हणून कुणी त्याला जिवंत पुरतं का?" विषय तिथेच संपला.

मग आम्ही सगळ्यांनी बसून तीन पाण्यांची नवी वाटणी केली. नळाचे पाणी पिण्याला, बाळाला आणि डाळीला. बोअरचे धुण्याभांड्याला आणि न्हाण्याला. नळ सुटला नाही तर उकळून, निवळून मोठ्या माणसांना प्यायलाही, कारण त्यातल्या कॅल्शियमने कुणाचे वाईट होत नाही. गिझर फार कडक तापवायचा नाही. तोट्या आणि किटली लिंबाच्या रसाने किंवा लिंबूसत्त्वाने घासायची, म्हणजे पापुद्रा सुटतो. भाचीने घरात मोठे शुद्धीकरण यंत्र घ्यायचा विषय काढला. पण अशी यंत्रे जेवढे पाणी गाळून देतात तेवढे, पुष्कळदा त्याहून जास्त, बाहेर टाकतात. धाराशिवसारख्या गावात ते टाकाऊ पाणी धुण्याला धरून ठेवायचे, या अटीवर आक्काने विचार करायचे कबूल केले. आडाचे पाणी फक्त झाडांना. आणि पावसाळ्याआधी शौचखड्ड्यांचे काय करायचे, यासाठी सातही घरांची बैठक दाजींनी बोलावली. ती झाली, भांडणेही झाली. निम्म्या घरांनी खड्डे पक्के करून घेतले. निम्म्यांचे बोलणे अजून चालू आहे.

दिवाळीपर्यंत मी तिथेच राहिलो. नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीत बसलो, बोअरच्या गरम पाण्याचा तांब्या अंगावर घेतला आणि साबण लावला. चाळीस वर्षांपूर्वीसारखाच तो चिकट साका अंगाला लागला. या वेळी मला त्याचा राग आला नाही. जे आहे ते तोंडावर सांगणाऱ्या माणसाचा जसा पुढेपुढे राग येईनासा होतो, तसे काहीसे झाले. बाहेरून आक्काने रिठ्याचे पाणी आत सरकवले. तिच्या सासूबाईंचेच ते भांडे होते.

भाऊबिजेच्या संध्याकाळी तिने मला ओवाळले, आणि मग ताटातल्या पणत्यांपैकी एक उचलून ती परसात गेली. मी मागोमाग गेलो. आडाच्या काठावर तिने पणती ठेवली. खाली पाण्यात तिची ज्योत थरथरत होती. पोहरा तिने केव्हाच काढून ठेवला होता.

"पुढच्या वर्षी परत बाटली भरून नेशील ना रे?" तिने विचारले.

मी हो म्हणालो. या दिवाळीला जाताना माझ्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी एक रिकामी, स्वच्छ बाटली आहे.